दंताळं फिरायच्या आत

बर्मिंगहॅमला २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिहेरी उडीचं सुवर्ण एल्डहोस पॉलला मिळालं आणि रौप्य अब्दुल्ला अबूबकरला. दोघेही भारताचे, दोघेही केरळचे. पॉलची उडी १७.०३ मीटर, अबूबकरची १७.०२. जवळजवळ छप्पन्न फूट अंतर, आणि फरक एका सेंटीमीटरचा.

आनंद साजरा झाल्यावर एक प्रश्न मात्र डोक्यात राहतो. तो एक सेंटीमीटर खरा होता, हे कशावरून? धावण्याच्या शर्यतीत शेवटच्या रेषेवर कॅमेरा असतो, भाला निदान जमिनीवर पडून राहतो. उडी मात्र झाली की संपली. तिचं एक टोक म्हणजे फळीची कड. तिथे पाऊल टेकतं आणि सेकंदाच्या आठव्या-नवव्या हिश्श्यात उचललं जातं. दुसरं टोक वाळूतला एक खळगा, आणि तो मिनिटभरात दंताळं फिरवून पुसून टाकायचा असतो, कारण पुढचा खेळाडू तयार असतो. या दोन पळपुट्या टोकांमधलं अंतर कागदावर उतरवायचं, तेही पुन्हा कुणाला शंका घेता येणार नाही असं. पंचांची सगळी तयारी एवढ्यासाठीच असते, आणि ती बारकाईने पाहिली तर उडीइतकीच थक्क करते.

मैदानावर आलेला जाणता पंच आधी वाळूकडे जातो. वाळू ओली हवी. चिखल नको, पण मुठीत दाबली तर गोळा व्हावा इतकी ओल हवी. कोरड्या वाळूत टाच रुतली की कडा लगेच ढासळतात, खळगा पसरतो आणि खूण नेमकी कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. ओल्या वाळूच्या कणांमध्ये पाण्याचे सूक्ष्म पूल तयार होतात. पाण्याचा पृष्ठताण कणाला कण धरून ठेवतो, म्हणून खळग्याची भिंत उभी राहते. उन्हाळ्यात दुपारी स्पर्धा असेल तर पाण्याचा पाइप किंवा निदान दोन बादल्या खड्ड्याशेजारी असाव्याच लागतात. सकाळी भिजवलेली वाळू अकरा वाजेपर्यंत वरून भुरभुरीत झालेली असते.

मग वाळूची पातळी. नियम म्हणतो, वाळूचा पृष्ठभाग फळीच्या बरोबरीने असावा. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण खेळाडू खाली येतो तो तिरका येतो, सरळ नाही. वाळू फळीपेक्षा एक सेंटीमीटर खोल असली तर त्याचे पाय जमिनीला टेकेपर्यंत आणखी थोडे पुढे जातात. उतरण्याचा कोन लक्षात घेऊन गणित केलं तर लांबीत अंदाजे दोन सेंटीमीटर फुकटचे मिळतात. म्हणजे पॉल आणि अबूबकर यांच्यातल्या फरकाच्या दुप्पट! म्हणून सुतळी ताणून पातळी बघायची, आणि प्रत्येक उडीनंतर दंताळं मारणाऱ्याला सांगून ठेवायचं की नुसती खूण पुसू नकोस, वाळू पुन्हा भर. दिवसभरात खड्ड्याच्या मधोमध कशी खोलगट बशी तयार होते, ते संध्याकाळी जाऊन बघावं.

धावपट्टीची लांबी किमान ४० मीटर आणि रुंदी १.२२ मीटर. फळीची लांबीही १.२२ मीटर. वाऱ्याचं यंत्रसुद्धा जमिनीपासून १.२२ मीटर उंचीवर लावायचं. हा विचित्र आकडा सगळीकडे कुठून आला? ते जुने चार फूट आहेत, मेट्रिकचा पोशाख घालून बसलेले. धावपट्टीचा उतारही ठरलेला असतो. धावण्याच्या दिशेने हजारात एक, म्हणजे चाळीस मीटरमध्ये जास्तीत जास्त चार सेंटीमीटर. डोळ्यांना हा उतार दिसत नाही, तरी नियमाला तो माहीत असतो.

फळीचा कारभार सगळ्यांत नाजूक. पांढरी फळी २० सेंटीमीटर रुंद. वाळूकडची तिची कड म्हणजे लक्ष्मणरेषा, आणि सगळं मोजमाप तिथूनच होतं. तिच्या पलीकडे १० सेंटीमीटर रुंदीची दुसरी पट्टी बसवतात. तिच्यावर प्लॅस्टिसिन, म्हणजे मुलं खेळतात तसली मऊ माती, थापलेली असते. ती फळीपेक्षा फक्त ७ मिलिमीटर वर येते. बूट पुढे गेला की तिच्यावर ठसा उमटतो. पूर्वी या मातीची कड ४५ अंशांत उतरती असायची. बुटाचं टोक रेषेच्या पुढे गेलं, पण मातीला न लागता हवेतच राहिलं, तर उडी ग्राह्य धरली जायची. नोव्हेंबर २०२१ पासून ही कड सरळ उभी झाली आणि नियमही बदलला. आता रेषेवर एक अदृश्य काचेची भिंत उभी आहे असं समजायचं. पाय जमिनीवर असताना बुटाचा कुठलाही भाग त्या भिंतीच्या पलीकडे गेला की फाउल, मग ठसा उमटो न उमटो.

या भिंतीची किंमत मुरली श्रीशंकरला ठाऊक आहे. त्याच बर्मिंगहॅममध्ये लांब उडीत त्याची चौथी उडी सेंटीमीटरभराच्या फरकाने फाउल ठरली. पाचव्या उडीत तो ८.०८ मीटर गेला. बहामाच्या लाक्वान नेर्नची सर्वोत्तम उडीही तंतोतंत ८.०८. अशा वेळी दोघांची दुसऱ्या क्रमांकाची उडी बघतात. नेर्नची ७.९८, श्रीशंकरची ७.८४. सुवर्ण नेर्नला गेलं. म्हणून नोंदवहीत प्रत्येक उडी नीट लिहायची असते, ‘ही काय, बारीकशीच उडी’ म्हणून टेप ढिली धरायची नसते. ती बारीकशी उडी शेवटी पदकाचा रंग ठरवू शकते.

मोठ्या स्पर्धांत आता फळीवर कॅमेरे असतात. जिल्ह्याच्या मैदानावर असतो तो एक माणूस, हातात एक पांढरी आणि एक लाल झेंडी घेऊन. डोळे फळीच्या रेषेत येतील असा तो बसतो. आणि यातली गंमत अशी की उडी सर्वांत जवळून बघायची संधी ज्याला मिळाली आहे, तोच उडी बघत नाही. धावत येणाऱ्या खेळाडूबरोबर त्याची मान फिरली की संपलं. नजर खेळाडूच्या वेगाने फळीवर येणार आणि पुढे निघून जाणार, आणि नेमका तो क्षण निसटणार. म्हणून त्याने फळीच्या कडेवर नजर रोवून बसायचं आणि बूट आपणहून नजरेत येईल याची वाट पाहायची. पाऊल फळीवर साधारण ०.१२ सेकंद असतं, पापणी लवायला लागतो जेमतेम तेवढा वेळ. समोर कुणी आठ मीटर उडालं तरी याला दिसलेलं असतं फक्त बुटाचं टोक!

खेळाडूची बाजूही तितकीच अजब. सेकंदाला दहा मीटरच्या वेगाने धावत येऊन वीस सेंटीमीटरच्या फळीवर पाऊल कसं पडतं? लोकांचा समज असा की धाव घोटून घोटून पावलं ठरलेली असतात. पण संशोधक डेव्हिड ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये चांगल्या खेळाडूंच्या धावेची प्रत्येक ढांग मोजली. धाव पुढे सरकते तशा चुका साठत जातात, पाऊल दर वेळी थोड्या वेगळ्या जागी पडतं. मग शेवटच्या काही ढांगांत अचानक ही तफावत आटते. खेळाडू तिथे डोळ्यांनी फळीचा अंदाज घेऊन ढांग लांब-आखूड करत असतो, बहुधा स्वतःच्याही नकळत. धावपट्टीच्या कडेला प्रत्येकाला दोन खुणा ठेवायला परवानगी असते. चिकटपट्टी चालते, खडू किंवा फक्की चालत नाही, कारण ती नंतर पुसता येत नाही आणि पुढच्याचा घोटाळा होतो. स्पर्धेआधी पंचाने हे सांगितलं नाही, तर धावपट्टी रांगोळीच्या पाटासारखी दिसू लागते.

आता टेप. टेपचं शून्याचं टोक वाळूकडे आणि वाचन फळीकडे, नवख्यांना हे उलटं वाटतं. खिळा रोवायचा तो वाळूतल्या त्या खुणेत जी फळीला सर्वांत जवळ आहे. ती टाचेचीच असेल असं नाही. मागे टेकलेला हात असेल, कंबर असेल, वेणीसुद्धा असू शकते, कारण अंगाला जे जे जोडलेलं ते सगळं धरायचं असतं. मग टेप फळीच्या रेषेला, किंवा ती रेषा दोन्ही बाजूंना वाढवली तर तिला, काटकोनात ताणायची. इथेच सर्वांत मोठी गफलत होऊ शकते. समजा सात मीटरची उडी आहे आणि खेळाडू खड्ड्याच्या कडेला उतरला आहे. पंचाने टेप सरळ न धरता फळीच्या मध्याकडे ओढली आणि ती मीटरभर तिरकी गेली. पायथागोरसला विचारा: ७.०७ मीटर येतात. सात सेंटीमीटर हवेतून आले! तिहेरी उडीत अंतर मोठं, म्हणून तेवढ्याच तिरकेपणाने सतरा मीटरला चूक तीन सेंटीमीटरच्या आत राहते. दहावीत हा प्रमेय घोकताना कुणी असं सांगितलं असतं, तर भूमिती थोडी गोड लागली असती.

आकडा लिहितानाही एक शिस्त आहे. टेप ७.२३ आणि ७.२४ च्या मध्ये कुठेही असो, लिहायचं ७.२३. नेहमी खाली.

मोजमापाची खरी परीक्षा १८ ऑक्टोबर १९६८ ला मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमध्ये, लांब उडीत झाली. बॉब बीमन धावला, उडाला आणि उतरला. त्या ऑलिंपिकला मोजण्यासाठी रुळावरून सरकणारं नवं दुर्बिणीचं यंत्र आणलं होतं. पंचाने ते सरकवत नेलं आणि रूळ संपला. बीमन उतरला होता त्या जागेपर्यंत यंत्र पोहोचतच नव्हतं, कारण माणूस इतका लांब उडेल हे ते बनवणाऱ्यांच्या हिशेबात नव्हतं. अखेर साधी पोलादी टेप मागवली आणि हाताने मोजलं. ८.९० मीटर. आधीचा विश्वविक्रम ८.३५ चा होता, म्हणजे एका उडीत ५५ सेंटीमीटरची भर. मीटरमधला आकडा बीमनला उमगला नव्हता. २९ फुटांच्या पुढे गेलास असं कळल्यावर त्याचे पाय गळाले आणि तो जमिनीवर बसला. ती उडी विक्रम म्हणून जवळजवळ तेवीस वर्षं टिकली. ३० ऑगस्ट १९९१ ला टोकियोत माइक पॉवेल ८.९५ उडाला. पुरुषांचा तो विक्रम आजही उभा आहे.

बीमनच्या उडीला वारा होता सेकंदाला बरोबर २.० मीटर. विक्रमासाठी परवानगी असते तीही बरोबर २.० ची. त्याच स्पर्धेत व्हिक्टर सानेयेव्हच्या तिहेरी उडीच्या विश्वविक्रमालाही वारा २.० नोंदवला गेला. यावर भुवया उंचावणारे आजही उंचावतात. माझ्याही थोड्या उंचावतात.

वाऱ्याचं यंत्र फळीपासून २० मीटरवर आणि धावपट्टीपासून दोन मीटरच्या आत ठेवतात. लांब उडीत खेळाडू फळीपासून ४० मीटरच्या खुणेवरून पुढे गेला की मोजणी सुरू होते, तिहेरीत ३५ मीटरच्या. पाच सेकंद मोजायचं. यंत्र फक्त धावण्याच्या दिशेचा वारा धरतं, आडवा वारा कितीही असो. इथे आकडा खाली नाही, वर न्यायचा. २.०१ आला तरी लिहायचा २.१, म्हणजे विक्रम गेला. अंतर खाली, वारा वर, दोन्ही वेळा शंकेची किंमत खेळाडू मोजतो. क्रिकेटमध्ये शंकेचा फायदा फलंदाजाला देण्याची सवय असलेल्या आपल्याला हे थोडं टोचतं, पण विक्रम म्हणून जे टिकेल त्यावर कुणाला बोट ठेवता येऊ नये, असा हिशेब आहे. स्पर्धेत मात्र वारा जास्त असला तरी उडी धरतात, त्यामुळे जिंकता येतं. टोकियोत पॉवेलच्या विक्रमाच्याच दिवशी कार्ल लुईस ८.९१ उडाला होता, २.९ च्या वाऱ्यात. ती उडी क्रमवारीत धरली गेली, विक्रमात नाही. जोनाथन एडवर्ड्सची १९९५ मधली १८.४३ ची तिहेरी उडी २.४ च्या वाऱ्याने अशीच विक्रमाबाहेर राहिली. नंतर ऑगस्टमध्ये गोथेनबर्गला त्याने १८.२९ करून जो विक्रम केला, तो अजून कुणी मोडलेला नाही.

त्याच १९९५ च्या जुलैत इटलीतल्या सेस्त्रिएरे या डोंगरगावी इव्हान पेद्रोसो ८.९६ उडाला. पॉवेलपेक्षा एक सेंटीमीटर जास्त. विश्वविक्रम करणाऱ्याला तिथे फेरारी गाडी ठेवलेली होती. वाऱ्याचा आकडाही नियमात बसत होता. पण चित्रफितीत दिसलं की यंत्रापुढे एक माणूस उभा आहे, वारा अडवून. विक्रमाला मान्यता मिळाली नाही. त्या दिवशी यंत्राजवळच्या पंचाने फक्त एक वाक्य बोलायचं होतं: ‘साहेब, जरा बाजूला व्हा.’

तिहेरी उडीत पंचाला फळीपलीकडेही नजर ठेवावी लागते. आधी लंगडी, मग ढांग, मग उडी. ज्या पायाने उडालात त्याच पायावर पहिल्यांदा उतरायचं, दुसऱ्या वेळी दुसऱ्या पायावर, आणि मग वाळूत. एडवर्ड्सच्या १८.२९ चे तुकडे होते ६.०५, ५.२२ आणि ७.०२. मधल्या टप्प्यात एका पायावर शरीराच्या वजनाच्या पंधरा पटींपर्यंत भार येऊ शकतो. फळी वाळूपासून दूर असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांसाठी किमान १३ मीटर, महिलांसाठी ११. शालेय गटांत ती आणखी जवळ आणावी लागते, नाहीतर बारा वर्षांचं पोर वाळूपर्यंत पोहोचणारच नाही आणि सिंथेटिकवर गुडघे फोडून घेईल. एकाच धावपट्टीवर दोन-तीन फळ्या असतील, तर कोण कुठल्या फळीवरून उडणार हे आधीच विचारून लिहून ठेवायचं.

एक पाय टेकलेला असताना दुसरा मागून येतो. तो चुकून जमिनीला घासला तर? आजचं उत्तर: काही बिघडत नाही. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये बिघडत होतं. त्या अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाचा इयन कॅम्पबेल आणि ब्राझीलचा जुआंव कार्लोस द ऑलिव्हेरा या दोघांच्या मिळून बारा उड्यांपैकी नऊ फाउल ठरल्या. कॅम्पबेलच्या लांबवर गेलेल्या एका उडीला मागचा पाय घासला म्हणून लाल झेंडी दाखवली गेली. तो पाय घासलाच नाही म्हणत राहिला, आणि तेवढ्यात वाळूवर दंताळं फिरलंसुद्धा. मोजायला काही उरलंच नाही. सुवर्ण सोव्हिएत संघाच्या याक उडमाएला, १७.३५ मीटरवर. पंचांनी मुद्दाम केलं की नाही, यावर वाद चालूच राहिले. पण दंताळं घाईने फिरलं ही गोष्ट वादातली नाही, आणि म्हणूनच आता हरकत आली की खूण राखायची, उडी मोजून ठेवायची, निर्णय नंतर द्यायचा, हे पंचांना आधी शिकवतात.

पांढरी झेंडीही घाईने वर करायची नसते. खेळाडू वाळूत पडला म्हणजे उडी पूर्ण झाली असं नाही. तो खड्ड्याबाहेर पडताना त्याचं पहिलं पाऊल वाळूतल्या खुणेपेक्षा फळीच्या जवळ पडलं, तर फाउल. आनंदाच्या भरात मागे धावत सुटणारी मुलं शालेय स्पर्धांत दर वर्षी अशी चांगली उडी घालवतात. आणि कोलांटी मारून उडता येत नाही. सत्तरच्या दशकात न्यूझीलंडच्या तुआरिकी डेलामेरने हवेत पूर्ण कोलांटी घेऊन लांब उडी मारली होती. मानेला धोका म्हणून ही पद्धत बंद झाली. हा गृहस्थ पुढे न्यूझीलंडमध्ये मंत्री झाला.

वेळेचं भानही पंचाचंच काम. वाळू सारखी झाली, माती बदलली, वारा तयार आहे, म्हणजे मगच घड्याळ सुरू, आणि खेळाडूला एक मिनिट. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला हेन्री रिबेलो तिहेरीच्या अंतिम फेरीत होता. त्याच्या हकिकतीत असं सांगतात की तो उडीला निघणार एवढ्यात पदकसमारंभासाठी त्याला थांबवलं गेलं. थंडीत अंग आखडलं, आणि मग पहिल्याच उडीत मांडीचा स्नायू फाटला. तिथेच त्याची स्पर्धा संपली.

फाउलचं प्रमाण मोठं आहे, हे नियमकर्त्यांनाही डाचतं. बुडापेस्टच्या २०२३ च्या जागतिक स्पर्धेत एक तृतीयांश उड्या फुकट गेल्या, असं वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या प्रमुख कार्यकारी अधिकाऱ्यांनी २०२४ च्या सुरुवातीला सांगितलं. मग कल्पना पुढे आली की फळीऐवजी ४० सेंटीमीटरचा पट्टा ठेवावा आणि जिथून पाय उचलला तिथून मोजावं. त्याच्या चाचण्याही झाल्या. कार्ल लुईसने जाहीरपणे खिल्ली उडवली, कारण त्याच्या मते फळी गाठणं हेच या खेळातलं सर्वांत अवघड कसब आहे.

खरं तर पाय उचलला तिथून मोजायची पद्धत आधीपासून एका ठिकाणी आहेच. अंध खेळाडूंच्या लांब उडीत फळीऐवजी एक मीटरचा पट्टा असतो, त्यावर भुकटी पसरतात आणि बुटाच्या ठशापासून वाळूपर्यंत मोजतात. धावपट्टीपलीकडे साथीदार आवाज देत दिशा सांगत असतो, म्हणून पंच प्रेक्षकांना शांत बसायला सांगतात. तिथे ही पद्धत अगदी न्याय्य आहे. डोळसांच्या खेळात मात्र मी लुईसच्या बाजूचा. वीस सेंटीमीटरची फळी गाठण्याचा तो शेवटच्या ढांगांतला हिशेब काढून टाकला, तर उडीतला अर्धा चमत्कार गेला. शिवाय कॅमेऱ्याने बुटाचं टोक टिपायची सोय ऑलिंपिकमध्ये होईल. तालुक्याच्या मैदानावर कॅमेरा कुठून आणणार? तिथे मग भुकटीच पसरावी लागेल, आणि दंताळेवाल्याच्या जोडीला फळीशी झाडू घेऊन आणखी एक माणूस बसवावा लागेल.